ठोका चुकतो तेव्हा नेमके काय होते: हृदयाच्या लयीचे विकार आणि त्यांवरील उपचार

‘काळजाचा ठोका चुकला’ असे आपण सहज म्हणतो, आणि ज्यांच्या छातीत खरोखरच तसे काही होते तेही डॉक्टरांसमोर बसल्यावर हेच शब्द वापरतात. गंमत अशी की त्या वेळी ठोका बहुधा चुकलेला नसतो. तो वेळेआधीच पडून गेलेला असतो. हृदयाच्या भलत्याच जागेतून अवेळी निघालेला विद्युतसंदेश निलयाला, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याला, आकुंचन पावायला लावतो, पण त्या क्षणी निलय रक्ताने पुरते भरलेले नसल्यामुळे तो ठोका दुबळा पडतो आणि पुष्कळदा मनगटापर्यंत पोहोचतही नाही. त्यानंतर नेहमीपेक्षा लांब विसावा येतो, त्या विसाव्यात निलय काठोकाठ भरते आणि पुढचा ठोका इतक्या जोराने पडतो की छातीत धप्पकन काही आदळल्यासारखे वाटते. ज्या ठोक्याने माणूस घाबरतो तो निर्दोष असतो. ज्याने गडबड केली तो त्याला कळलेलाही नसतो.

लयीच्या विकारांत जाणवणे आणि घडणे यांत असे अंतर नेहमीच असते. भयंकर धडधड होऊनही विकार किरकोळ असू शकतो, आणि काहीच न जाणवता पक्षाघाताचा धोका वाढत राहू शकतो. हे अंतर मिटवणारी एकच गोष्ट आहे: त्रास होत असताना घेतलेली ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या विजेच्या आलेखाची, नोंद. ती हाती असेल तर निदान अनेकदा काही मिनिटांत होते. नसेल तर वर्षे जातात आणि दरम्यान ‘टेन्शन घेऊ नका’ एवढाच सल्ला मिळत राहतो. म्हणून पुढील विवेचनात ती नोंद मिळवण्याला उपचारांइतकीच जागा दिली आहे.

विजेची वाट

उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) वरच्या भागात, मोठी नीला जिथे हृदयात शिरते तिथे, सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा संदेश सोडतो. मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाचे एक लाखाहून अधिक होतात. हा संदेश दोन्ही अलिंदांवर पसरतो, पण खाली निलयांत थेट उतरू शकत नाही, कारण अलिंदे आणि निलये यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतुमय ऊतीचा पडदा असतो. त्यातून जाणारी वाट एकच, ती एव्ही नोडमधून. तिथे संदेश सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाएवढा थबकतो, तेवढ्यात अलिंदे आपले रक्त निलयांत रिकामे करतात, आणि मग संदेश हिस बंडल, त्याच्या उजव्या-डाव्या शाखा आणि पर्किंजी तंतूंमधून झपाट्याने दोन्ही निलयांत पसरतो. एव्ही नोडचे वर्णन सुनाओ तावारा यांनी १९०६ साली केले आणि सायनस नोड आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली दाखवून दिला. म्हणजे हृदय स्वतःची वीज स्वतः कशी तयार करते याचा हा नकाशा जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे.

ही वाट डोळ्यांपुढे असली की विकारांची लांबलचक नावे पाठ करावी लागत नाहीत. बिघाड मुळात तीनच तऱ्हेचे असतात. एक, संदेश निघतच नाही किंवा फार सावकाश निघतो. दोन, निघतो पण वाटेत अडतो. तीन, दुसऱ्याच कुठल्या जागेतून निघतो, अथवा एखाद्या वर्तुळात अडकून गरगर फिरत राहतो. पहिल्या दोन प्रकारांत हृदय मंदावते, तिसऱ्यात ते धावते किंवा अनियमित होते. वेगवान लय अलिंदांच्या बाजूने येते की निलयांतून, हा पुढचा प्रश्न. आणि धोका किती याचे उत्तर बहुतांशी त्यावर आणि हृदयाचा स्नायू निरोगी आहे की नाही यावर ठरते.

नाडी पाहावी कशी आणि लिहावे काय

पाच मिनिटे शांत बसावे. एका हाताची तीन बोटे दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखालच्या खळगीत, हलकेच टेकवावीत. जास्त दाबले तर नाडी लागत नाही आणि अंगठ्याने पाहिली तर आपल्याच अंगठ्याची नाडी मोजली जाण्याची शक्यता असते. ठोके एकसारखे पडत असतील तर ३० सेकंद मोजून दुप्पट करावेत. वेडेवाकडे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजावे, कारण अशा वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या मोजणीला काहीच अर्थ नसतो. आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा आहे. ठोके घड्याळासारखे पडतात, की मधूनच एखादा गळतो, की कोणत्याही दोन ठोक्यांमधले अंतर सारखे नाही? या तीन उत्तरांतून तीन वेगळे विकार डोळ्यांपुढे येतात. डॉक्टरांना ‘धडधडते’ एवढेच सांगण्याऐवजी टेबलावर बोटाने तो ताल वाजवून दाखवावा; हा सल्ला पोरकट वाटेल, पण दहा वाक्यांचे काम तो पाच सेकंदांत करतो.

झटका येऊन गेल्यावर लगेच, आठवण ताजी असताना, काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. सुरुवात बटण दाबल्यासारखी एकदम झाली की हळूहळू वेग वाढत गेला? थांबताना एकदम थांबली की ओसरत गेली? किती मिनिटे टिकली, त्या वेळी काय चालले होते, घेरी आली का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, मानेत काही उडत असल्यासारखे वाटले का? एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, मिनिटाला १५० ते २२० अशी एकसारखी धावणारी, मानेत उसळणारी आणि संपल्यावर बराच वेळ लघवीला लावणारी धडधड असेल तर ती एसव्हीटी नावाच्या विकाराची (यात वीज वर्तुळात अडकते; तो पुढे येतो) जवळजवळ सहीच समजावी. लघवीची ही खूण रुग्ण सहसा सांगत नाही, कारण तिचा हृदयाशी काही संबंध असेल असे त्याला वाटत नाही. याउलट हळूहळू चढणारी आणि हळूहळू उतरणारी धडधड बहुधा ताप, रक्तक्षय, थायरॉइडचा अतिस्राव, पाणी कमी पडणे किंवा मनाची अस्वस्थता यांना हृदयाने दिलेला रास्त प्रतिसाद असते. तिथे उपचार मूळ कारणावर करायचा, लयीवर नव्हे.

घरातील यंत्रांबद्दल थोडे सावध असावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहण्याचे यंत्र नाडीचा आकडा दाखवतात, पण लय अनियमित असेल तर तो आकडा आणि खुद्द रक्तदाबही चुकू शकतो. अशा वेळी लागोपाठ तीन मोजण्या घेऊन सरासरी धरावी. स्मार्टघड्याळांपैकी जी बोट टेकवून ईसीजी घेऊ शकतात त्यांची ३० सेकंदांची पट्टी खरोखर उपयोगी पडते, फक्त ती त्रास होत असतानाच घेऊन फोनमध्ये जपून ठेवावी. घड्याळ लावतेय ते निदान अंतिम मानू नये. पट्टी डॉक्टरांनी पाहायची असते.

काही लक्षणे मात्र नोंदी ठेवण्याची नाहीत, तातडीने रुग्णवाहिका बोलावण्याची आहेत: धडधडीबरोबर शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटून अंग गार पडणे, किंवा तोंड वाकडे होऊन हातापायातली शक्ती जाणे. धावताना, पोहताना, म्हणजे श्रमाच्या ऐन भरात बेशुद्ध पडणे ही गोष्ट वय कितीही लहान असले तरी साधी समजू नये. घरात कोणाचा चाळिशीच्या आत अचानक मृत्यू झाला असेल, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाची पंप करण्याची ताकद कमी असल्याचे माहीत असेल, तर किरकोळ वाटणारी धडधडही लवकर तपासून घ्यावी.

पट्टीवर काय दिसते

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरचा छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच छोट्यांचा मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. लय नियमित असेल तर दोन उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन बसतात ते मोजावे आणि ३०० ला त्या संख्येने भागावे. चार चौकोन असतील तर गती ७५, दोनच असतील तर १५०. लय अनियमित असेल तर दहा सेकंदांच्या पट्टीतली उंच टोके मोजून सहाने गुणावे. वाचकाने स्वतःचे निदान करावे म्हणून हे सांगत नाही, तर डॉक्टर पट्टीवर बोट ठेवून काही दाखवू लागले की ते कळावे म्हणून.

डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. प्रत्येक उंच टोकाआधी एक बुटका गोलसर उंचवटा आहे का? तो अलिंदांच्या कामाचा पुरावा, त्याला पी लहर म्हणतात. आणि ते उंच टोक अरुंद आहे की रुंद? तीन छोट्या चौकोनांपेक्षा, म्हणजे ०.१२ सेकंदांपेक्षा अरुंद असेल तर संदेश नेहमीच्या वाटेने खाली उतरला आहे. रुंद टोकांची वेगवान लय मात्र विरुद्ध सिद्ध होईपर्यंत निलयांतून उगवलेली, म्हणजे धोक्याची, असेच धरून चालतात.

त्रास नसताना काढलेला ईसीजी पुष्कळदा अगदी स्वच्छ येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ त्या दहा सेकंदांत काही झाले नाही एवढाच. विकार नाही असा नव्हे. (त्या स्वच्छ पट्टीचाही उपयोग असतो: जन्मतः असलेली जादा विद्युतवाट किंवा क्यूटी हे, निलयांच्या विद्युतकामाचा एकूण काळ दाखवणारे, अंतर लांबलेले असणे, या गोष्टी शांत ईसीजीतही दिसू शकतात.) म्हणून तपासणी किती दिवसांची करायची हे त्रास कितीदा होतो यावर ठरवावे. रोज होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा ईसीजी नोंदक, पुरतो. आठवड्यातून एखाददा होत असेल तर छातीवर चिकटवायचा एक-दोन आठवड्यांचा पॅच लागतो. वर्षातून दोनदाच पण बेशुद्ध होण्याइतका होत असेल तर कातडीखाली बसवायचा, काही वर्षे चालणारा लूप रेकॉर्डर हा शहाणपणाचा पर्याय ठरतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या धडधडीसाठी २४ तासांचा होल्टर लावणे आणि तो कोरा आला म्हणून निश्चिंत होणे, ही मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे. नॉर्मन होल्टर यांचे १९४० च्या दशकातले पहिले यंत्र पाठीवर वाहून न्यावे लागे आणि त्याचे वजन तीस किलोंहून अधिक होते. आज तेच काम करणारा पॅच सदऱ्याखाली दिसतही नाही, तेव्हा नोंद लांबवायला हरकत नसावी.

यासोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून झडपा व स्नायूची ताकद पाहतात, आणि रक्तात पोटॅशियम, मॅग्नेशियम, थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासतात. घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या व्यक्तीत झोपेत श्वास अडण्याचा विकार शोधावा. तो एट्रियल फिब्रिलेशनला (अलिंदे नुसती थरथरण्याच्या विकाराला) खतपाणी घालतो आणि रात्री हृदय मंदावण्याचेही कारण बनतो.

सुटे अवेळी ठोके

सुरुवातीला वर्णिलेले हे ठोके जवळजवळ प्रत्येकाला केव्हातरी पडतात. हृदयाची रचना निरोगी असेल आणि प्रमाण कमी असेल तर औषधाची गरज नसते. जागरण, मद्य, धूम्रपान कमी करून आणि भीती गेल्यानेच त्यांचा उपद्रव पुष्कळ घटतो. दिवसाच्या एकूण ठोक्यांपैकी दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक ठोके असे असतील तर मात्र निलय कालांतराने थकू शकते, म्हणून इको ठरावीक काळाने पाहावा लागतो.

इथे एक इतिहास सांगितलाच पाहिजे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर असे जादा ठोके पडणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त असते, तेव्हा ठोके दाबले की मृत्यू कमी होतील, हा तर्क बिनतोड वाटत होता. कास्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी चाचणीत त्यासाठी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे दिली गेली. ठोके दबले, पट्ट्या स्वच्छ झाल्या, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले; १९८९ साली चाचणीचा तो भाग थांबवावा लागला. तेव्हापासून ‘ईसीजी सुंदर करणे’ हे उपचाराचे उद्दिष्ट राहिलेले नाही. फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण ज्यांच्या हृदयाच्या स्नायूत व्रण नाही अशांसाठीच.

एसव्हीटी: वर्तुळात अडकलेली वीज

यात संदेश एव्ही नोडच्या आत किंवा जन्मतः असलेल्या एका जादा वाटेतून वर्तुळाकार फिरत राहतो. जीवावर बेतण्याचे प्रसंग विरळा, पण त्रास मोठा. वर्तुळ तोडायचे तर एव्ही नोडला क्षणभर सुस्त करावे लागते, आणि ते काम व्हेगस ही चेता करते. त्यासाठीची सुधारित वाल्साल्वा पद्धत अशी: अर्धवट रेलून बसावे, दहा मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकावे, लगेच पाठीवर सपाट आडवे व्हावे आणि दुसऱ्याने दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरावेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या रिव्हर्ट चाचणीत जुन्या पद्धतीने १७ टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली, तर पाय उचलण्याच्या या साध्या भरीने ४३ टक्के. निदान झालेल्या रुग्णाने डॉक्टरांकडून हे एकदा शिकून घ्यावे. छातीत दुखत असेल किंवा घेरी येत असेल तर प्रयोग करत बसू नये. मानेची शीर चोळण्याचा उपाय घरी करू नये, वृद्धांनी तर मुळीच नाही.

एवढ्याने न थांबल्यास रुग्णालयात शिरेतून अ‍ॅडेनोसिन देतात: आधी ६ मिलिग्रॅम, मग लागल्यास १२. त्याचा परिणाम काही सेकंदच टिकतो, पण त्या सेकंदांत छाती आवळते, चेहरा तापतो आणि आता सगळे संपले असे वाटते. पट्टीवर काही क्षण सरळ रेषा दिसते आणि मग नेहमीची लय सुरू होते. हे आधी सांगितलेले असले की रुग्ण धीराने घेतो. दम्याच्या रुग्णाने आपला आजार अगोदर सांगावा. झटके वारंवार येत असतील तर अ‍ॅब्लेशन हा कायमचा उपाय आहे: जांघेतील शिरेतून बारीक कॅथेटर हृदयापर्यंत नेऊन, वर्तुळाचा नेमका तुकडा हुडकून, उष्णतेने किंवा थंडीने निकामी करतात. यश ९५ टक्क्यांच्या आसपास असते. एव्ही नोडलाच इजा होऊन पेसमेकर लागण्याची शक्यता फार कमी, साधारण एक टक्का किंवा त्याहून खाली असते, पण ती सही करण्यापूर्वी विचारून घ्यावी.

जादा वाट असलेल्यांसाठी, म्हणजे वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट विकारात, एक इशारा आहे. त्यांना एट्रियल फिब्रिलेशन झाले आणि एव्ही नोड दाबणारे व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन दिले गेले, तर वीज जादा वाटेने निलयांवर बेलगाम कोसळू शकते. हे निदान लिहिलेला कागद त्यांनी पाकिटात ठेवावाच.

एट्रियल फिब्रिलेशन: दोन स्वतंत्र प्रश्न

हा सर्वांत अधिक आढळणारा गंभीर लयविकार. अलिंदांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे संदेश सैरावैरा उठतात, अलिंदे आकुंचन न पावता नुसती थरथरतात, आणि एव्ही नोड त्यांतले जमतील तेवढे खाली सोडतो. म्हणून नाडीत कोणतेही दोन अंतर सारखे नसते. वय, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, मधुमेह, मिट्रल झडपेचा विकार, मद्य आणि थायरॉइड ही नेहमीची कारणे आहेत.

रुग्ण आणि नातेवाईक इथे एक गफलत करतात: लय सुधारली म्हणजे काम झाले असे समजतात. वास्तविक प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून नाहीत.

पहिला प्रश्न गुठळीचा. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साकळते, त्याची गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो; या विकारात तो धोका सुमारे पाचपट वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी द्यावी की नाही हे धडधड किती होते यावर ठरत नाही. वय ६५ च्या वर, ७५ च्या वर, पूर्वीचा पक्षाघात, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, रक्तवाहिन्यांचा आजार यांना गुण देऊन ते ठरते. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान, एडोक्साबॅन या नव्या गोळ्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही, पण मूत्रपिंडाच्या कामानुसार मात्रा ठरवावी लागते आणि त्यांचा परिणाम तासांत ओसरत असल्यामुळे एक गोळी चुकणेही महागात पडू शकते. धातूची झडप बसवलेल्यांना किंवा मिट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना वॉरफरिन गटाचे जुने औषधच द्यावे लागते. त्यात आयएनआर हा, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा, आकडा सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात, आणि पालेभाज्या बंद न करता त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवतात. अ‍ॅस्पिरिन हा या गोळ्यांचा पर्याय नाही. दात काढायचा आहे किंवा नाकातून थोडे रक्त आले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे, यासारखा घातक निर्णय दुसरा नाही.

दुसरा प्रश्न लयीचा. ती तशीच राहू देऊन फक्त गती आवरायची, की मूळ लय परत आणायची? गती आवरण्यासाठी मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यांसारखे बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, कधी डिगॉक्सिन वापरतात. विश्रांतीच्या वेळी ती ११० च्या खाली आली आणि त्रास नसला तर अनेकांना तेवढे पुरते. २००२ सालच्या अफर्म चाचणीत दोन्ही मार्गांनी आयुष्यमानात फरक दिसला नव्हता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ईस्ट-एएफनेट ४ या चाचणीत मात्र निदानानंतर वर्षभराच्या आत लय टिकवण्याचा प्रयत्न केलेल्यांत मृत्यू, पक्षाघात आणि हृदयाची दुर्बलता यांचे एकत्रित प्रमाण कमी आढळले. म्हणून आता विकार नवा असताना लयीसाठी प्रयत्न करावा, वर्षानुवर्षे मुरल्यावर हट्ट धरू नये, असा कल आहे आणि तो मला पटतो.

लय परत आणण्यासाठी थोड्या वेळाची भूल देऊन शॉक देतात, त्याला कार्डिओव्हर्जन म्हणतात. विकार सुरू होऊन ४८ तास उलटले असतील किंवा वेळ माहीत नसेल, तर आधी तीन आठवडे रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री करावी लागते, आणि नंतर किमान चार आठवडे औषध चालू ठेवावे लागते. इथे पुन्हा नोंदीचे मोल कळते: धडधड नेमकी केव्हा सुरू झाली हे ठामपणे सांगता येणाऱ्या रुग्णाचा मार्ग सोपा होतो.

फ्रान्समधील मिशेल हेसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की या विकाराच्या ठिणग्या बहुतेक वेळा फुप्फुसांतून डाव्या अलिंदात येणाऱ्या नीलांच्या तोंडाशी उडतात. त्या तोंडांभोवती रिंगण करून त्यांचा विद्युतसंबंध तोडणे हे आजच्या अ‍ॅब्लेशनचे सूत्र आहे. एसव्हीटीइतके हमखास यश इथे मिळत नाही आणि काहींना दुसऱ्यांदा करावे लागते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परतली तर ते अपयश मानत नाहीत, कारण भाजलेली ऊती तेव्हा भरून येत असते. अ‍ॅब्लेशन यशस्वी झाले तरी रक्त पातळ करणारी गोळी पुढे घ्यायची की नाही, हे पहिल्या प्रश्नाच्या गुणांवरच ठरते. रक्तदाब आवरणे, वजन उतरवणे आणि मद्य सोडणे याने झटके खरोखर कमी होतात. चहा-कॉफी बेताने घेणाऱ्यांनी ती सोडण्याचे सहसा कारण नाही. ज्याला तिने धडधड होते त्याने सोडावी.

औषधांबद्दल चार गोष्टी

बीटा ब्लॉकर एकाएकी बंद करू नयेत, गती उसळते. व्हेरापामिल आणि बीटा ब्लॉकर दोन वेगळ्या डॉक्टरांकडून नकळत एकत्र आल्यास हृदय धोकादायक मंदावू शकते. अ‍ॅमिओडारोन प्रभावी आहे, पण थायरॉइड, यकृत, फुप्फुसे यांवर त्याचा परिणाम होतो, म्हणून दर सहा महिन्यांनी थायरॉइड व यकृताची रक्ततपासणी करावी, नवा कोरडा खोकला किंवा दम लागल्यास लगेच सांगावे, उन्हात अंग झाकावे. ते शरीरात इतके मुरते की बंद केल्यावरही कित्येक आठवडे रेंगाळते. आणि क्यूटी लांबलेल्या व्यक्तीने अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, क्लोरोक्विन किंवा काही मानसोपचाराची औषधे घेण्यापूर्वी डॉक्टरांना आठवण द्यावी, कारण ती ते अंतर आणखी वाढवू शकतात.

मंदावलेले हृदय

नियमित व्यायाम करणाऱ्याची नाडी ४५ असणे हा आजार नव्हे. घेरी, बेशुद्धी, जिना चढताना थकवा आणि त्याच वेळी मंद गती, अशी जोडी दिसली तरच तिला महत्त्व. आधी औषधे आणि थायरॉइड तपासतात. संदेश अलिंदांतून निलयांत अजिबात उतरत नसेल तर निलये स्वतःच्या ३०-४० च्या गतीने कशीबशी चालतात. अशा वेळी बहुतेकांना पेसमेकर लागतो. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. तो काही तासच चालला, पण पुढे आयुष्यभरात २६ यंत्रे बदलत लार्सन २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

आजचा पेसमेकर गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत बसतो. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे पुरते. त्या बाजूचा हात पहिले चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये, म्हणजे तार हलत नाही. पण हात अगदी बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो. मोबाइल यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब, म्हणजे विरुद्ध कानाला धरावा आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये. मायक्रोवेव्ह चालतो. एमआरआयपूर्वी यंत्राचे कार्ड दाखवावे. बहुतेक नव्या यंत्रांत विशेष सेटिंग करून ती तपासणी होते. जखमेवर लाली, सूज किंवा स्राव दिसल्यास स्वतः मलम लावू नये, त्याच दिवशी दाखवावे.

निलयांतून उठणारे वादळ

जुन्या झटक्याचा व्रण असलेल्या निलयात वीज व्रणाभोवती फिरू लागली की व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया होतो, आणि तो विस्कटला की व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. त्यात हृदय थरथरते पण रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, असे दिसताच मदत बोलावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि एईडी, म्हणजे बाहेरून शॉक देणारे स्वयंचलित यंत्र, मिळेल तितक्या लवकर लावावे. ते यंत्र लय स्वतः तपासते आणि गरज असेल तरच शॉक देते. दाब दिले नाहीत तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते.

ज्यांना हा धोका आहे त्यांना आयसीडी बसवतात. मिशेल मिरोव्स्की आणि सहकाऱ्यांनी घडवलेले हे यंत्र १९८० साली माणसात प्रथम बसवले गेले. ते लयीवर सतत नजर ठेवते आणि प्रसंगी आतूनच शॉक देते. पंपाची ताकद ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिलेल्या पुष्कळ रुग्णांत, औषधे पुरेसा काळ देऊनही सुधारणा न झाल्यास, ते विचारात घेतले जाते. शॉक बसतो तेव्हा छातीवर लाथ मारल्यासारखे वाटते. त्या क्षणी हात धरलेल्या माणसाला फार तर मुंग्या येतात, इजा होत नाही. एकच शॉक बसला आणि नंतर बरे वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून यंत्र वाचून घ्यावे. लागोपाठ दोन किंवा अधिक बसले, किंवा एकानंतरही छातीत दुखत असेल, घेरी येत असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी. यंत्र वाचताना त्या क्षणाची लय पडद्यावर दिसते आणि शॉक योग्य होता की एट्रियल फिब्रिलेशनच्या वेगाला फसून बसला हे कळते; त्या पट्टीची प्रत मागून घ्यावी आणि आपल्या शांत अवस्थेतल्या ईसीजीसह फोनमध्ये ठेवावी, म्हणजे मध्यरात्री अनोळखी डॉक्टरसमोर बसण्याची वेळ आली तर नावे आठवत बसावे लागणार नाही.